दिल्ली पाहायला आलेली माणसे

दिल्लीत मी तीसएक वर्षे सरकारी नोकरी केली. त्या काळात दिल्ली पाहायला निघालेल्या प्रत्येक मराठी माणसाला आमचा पत्ता कोण देत असे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. लोदी कॉलनीतले आमचे क्वार्टर दोन खोल्यांचे. त्यात नात्यातली माणसे उतरत, नात्यातल्यांच्या नात्यातली उतरत आणि आगगाडीत बाजूच्या बाकावर बसलेलीही उतरत. पत्नी पहाटे पोळ्यांना लागे. रविवारी मी पाहुण्यांना घेऊन कुतुब मिनारला जात असे. मिनार मला आवडतो की नाही, हे ठरवायला सवड कधी मिळाली नाही.

राजघाटावर माझी जागा ठरलेली होती. तेथे पादत्राणे बाहेर काढावी लागतात. ती ठेवून घेणारा माणूस दाराशी असतो, पण आपल्या लोकांचा त्याच्यावर विश्वास नसतो. सगळे आत जात आणि मी चपलांपाशी उभा राही. राजघाट आतून मी दोनतीनदाच पाहिला असेल.

निवृत्तीनंतर मुलाने आम्हा दोघांना अमेरिकेला नेले. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी त्याचे घर होते. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. आजूबाजूला संगणकाच्या कामावर आलेली पुण्या-मुंबईची, नागपूरची मुले राहत. कोथिंबीर आणायलाही मोटारीने जावे लागे. पाय मोकळे करायला बाहेर पडलो, तर शेजारी गाडी थांबवून काही अडचण आहे का, असे विचारत. हे सगळे त्रासाचे होते. परंतु येथे मला कोणी दिल्ली दाखवा म्हणणार नाही, एवढे एक समाधान होते. ते पहिल्या हिवाळ्याच्या तोंडापर्यंत टिकले.

मुलाच्या ऑफिसातला एक पुण्याचा तरुण शनिवारी आमच्याकडे जेवायला येत असे. हुशार, बोलका आणि सतत घाईत. त्याची बायको अमेरिकन होती. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवत असे. उंच, शांत मुलगी. पत्नीने पानात जे वाढले ते विचारपूस न करता खात असे, त्यामुळे पत्नीच्या लेखी तिच्यात काही उणे नव्हते. दोघांनी आदल्या वर्षी कोर्टात लग्न केले होते आणि पुण्याला फोन त्यानंतर केला होता. वडिलांनी फोनवर एवढेच सांगितले की झाले ते झाले, पण तिला या घरात आणायचे नाही. त्यानंतर वर्षभर बापलेकांत हवापाण्यापलीकडे बोलणे नव्हते.

त्या शनिवारी जेवण झाल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला.

"काका, एक फेवर हवाय. आम्ही डिसेंबरात इंडियाला जातोय."

"पुण्याला?"

"नाही ना. दिल्लीला." त्याने आवाज खाली आणला. "आईने काहीतरी डोकं लावलंय. ती म्हणे बाबांना म्हणाली, माझी दिल्ली पाहायची राहिलीय. मग बाबांचा मला फोन. म्हणाले, आम्ही दिल्ली पाहायला जाणार आहोत. तुम्ही त्या सुमारास तिथे असाल, तर असा."

"म्हणजे भेटायला बोलावले."

"असं कुठे म्हणाले? दिल्ली पाहायला, म्हणाले! मी विचारलं, बाबा, तुम्ही तिला भेटणार आहात का? तर म्हणतात, कुतुब मिनार किती वाजता उघडतो ते विचारून ठेव."

पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "योग्य माणसाकडे आलास बघ. यांना मिनार तोंडपाठ आहे."

त्याला प्रेक्षणीय स्थळांचे टिपण हवे होते. वडिलांना पाठवायचे होते आणि स्वतःलाही हवे होते. "बेसिक गाइड, काका. लँडमार्क्स, टायमिंग, झालं. टू डेज मॅक्सिमम."

"दिल्ली दोन दिवसांत होत नाही."

"मग तीन?"

"तुमच्या पुण्याच्या पेशव्यांना ती शंभर वर्षांत झाली नाही," मी म्हणालो. मी मूळचा अमरावतीचा आहे.

तो हसला, पण गेला नाही. बायको त्याच्या मागे उभी होती. तिला मराठी समजत नव्हते, पण कशाविषयी बोलणे चालले आहे ते तिला ठाऊक असावे. तिने मला इंग्रजीत विचारले, "काका, मी साडी नेसावी का?"

"डिसेंबरात दिल्लीला थंडी असते," मी सांगितले. "कोट घाल."

"आणि मी त्यांना आवडले नाही तर?"

मी कागद आणायला उठलो.

लिहायला बसल्यावर लक्षात आले, की उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळांचा या लोकांना काडीचाही उपयोग नाही. चार माणसे तीन दिवस बरोबर फिरणार. त्यांतले बापलेक एकमेकांशी बोलणार नाहीत आणि चौथीला भाषा येत नाही. अशी मंडळी मी दिल्लीत पुष्कळ हिंडवली होती. वाटणीवरून भांडलेले भाऊ, जावयावर रुसलेले सासरे, एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या जावा. कोणत्या इमारतीपाशी माणसे भांडतात आणि कोणत्या इमारतीपाशी विसरतात, हे मला माहीत होते. हे कोणत्याही छापील पुस्तकात नसते. मी तेच लिहिले. त्यातला काही भाग येथे देतो.

"कुतुब मिनार. सकाळी दहाच्या आधी जाऊ नये. धुके असते आणि मिनारचे नुसते बूड दिसते. वर चढू देत नाहीत, त्यामुळे चढायचे की नाही यावर वाद होत नाही. येथे सर्वजण माना वर करून उभे राहतात. एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. पहिल्या भेटीस योग्य.

"लोहस्तंभ. मिनारच्याच आवारात आहे. खांबाला पाठ लावून मागे नेलेले हात जुळले, तर इच्छा पुरी होते असे सांगतात. इच्छा पुरी झालेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

"हुमायूनची कबर. ताजमहालाच्या आधीची आहे, हे आवर्जून सांगावे. बाग मोठी, वाटा सरळ आणि लांब. या वाटांवर चार माणसे एका ओळीत फार वेळ चालत नाहीत, आपोआप दोनदोन होतात. कोणी कोणाबरोबर चालायचे हे आधी ठरवू नये.

"राष्ट्रपती भवन. इंडिया गेटकडून चढ चढू लागल्यावर घुमट मोठा होत जाण्याऐवजी खाली बुडतो. ज्याच्या हे ध्यानात येते, त्याला शेजारच्या माणसाला दाखवल्यावाचून राहवत नाही, मग शेजारी कोणीही असो. म्हणून आधी कोणी सांगून ठेवू नये.

"लाल किल्ला. दिवाण-ए-खासचे चांदीचे छत मराठ्यांनी उतरवले. पुण्याचा माणूस येथे बोलू लागतो. त्यास थांबवू नये. मात्र हे जेवणानंतर करावे. माझ्या अनुभवातील कौटुंबिक भांडणांपैकी बहुतेक लाल किल्ल्यात, उन्हात, जेवणाची वेळ टळल्यावर झालेली आहेत.

"जंतर मंतर. ऊन पडलेले असावे. यंत्रे कशी चालतात हे कोणालाच नीट कळत नाही, त्यामुळे सगळे एका पातळीवर येतात.

"राजघाट. चपला काढाव्या लागतात. शांतता पाळावी लागते. ज्यांना बोलायचे नसते त्यांची सोय होते. शेवटच्या दिवशी ठेवावे.

"ताजमहाल. आग्र्यास आहे."

पुढच्या शनिवारी त्याने ते उभ्याउभ्या वाचले.

"काका, हे गाइड आहे की मॅरेज काउन्सेलिंग?"

"दोन्ही फुकट आहे."

"नाही, ग्रेट आहे. पण बाबांना हे असं कसं पाठवू? 'पुण्याचा माणूस बोलू लागतो' वगैरे?"

"ते वाक्य गाळून पाठव. त्यांच्या ते ध्यानात येणार नाही, ते बोलतीलच."

यानंतर दोन आठवडे त्याने मला उसंत दिली नाही. आम्ही घरी नसताना फोनवरच्या यंत्रात निरोप ठेवी. काका, शॉपिंग कुठे टाकायचं? काका, धुक्यामुळे कुतुब कॅन्सल झाला तर बॅकअप काय? काका, तिच्या कलीगने सांगितलं, ताज डे ट्रिपमध्ये होतो, तर प्लीज बघा ना. एकदा तर प्रत्येक स्थळासमोर मिनिटे घालून द्या म्हणाला. मी त्याला सांगितले की हे तुझे संगणकाचे काम नव्हे, आईवडील आहेत. तो म्हणाला, "म्हणूनच, काका. संगणकाला अंडू असतं." या शब्दाचा अर्थ मला मुलाकडून समजून घ्यावा लागला. केलेले मागे फिरवण्याची त्या यंत्रांत सोय असते म्हणे.

"तीस वर्षं कुरकुरत दाखवलीत," पत्नी म्हणाली, "आता कुरकुरत लिहा."

"मी कुरकुरत नाही."

"बरं. मग नुसतं तोंड तसं आहे."

जाण्याच्या आधीच्या शनिवारी तो आला तो बूट न काढता थेट आत. मागून बायको आली. तिने दाराशी बूट काढले आणि त्याच्याकडे पाहिले. तो पुन्हा मागे जाऊन बूट काढून आला.

"मी तिकिटं कॅन्सल करतोय," तो म्हणाला.

"काय झाले?"

"मामा येतोय! मामा, मामी, आत्या, आत्याचे मिस्टर. सगळे! बाबा काल फोनवर अगदी सहज सांगतात, जातोच आहोत तर हेही येतो म्हणाले. काका, ही ॲम्बुश आहे. कोर्ट बसवणार आहेत तिथे. एकट्याने तोंड देता येत नाही म्हणून वऱ्हाड घेऊन येताहेत. मामा तर असा आहे ना, त्याला कोणी विचारलं नाही तरी निकाल देतो."

बायको सोफ्याच्या कडेवर बसली होती. ती इंग्रजीत म्हणाली, "मी आले नाही तर सोपं होईल का? तू एकटा जा."

"काही गरज नाही. कोणीच जायचं नाही."

त्याचा हात फोनवर होता. विमान कंपनीला तो आत्ताच फोन करणार होता. आणि तो फोन झाला असता, तर वर्षभर हवापाण्यावर चाललेले बोलणे त्याच्याही खाली गेले असते. त्याच्या वडिलांसारखी माणसे एकदा दिल्ली पाहायला निघतात. ती दुसऱ्यांदा निघत नाहीत.

मला माझ्या क्वार्टरमध्ये आलेला एक गृहस्थ आठवला. साताऱ्याकडचा होता. त्याचा मुलगा दिल्लीत नोकरीला होता आणि त्याने घरच्यांच्या मनाविरुद्ध काही केले होते. काय, ते मी विचारले नाही. बाप मुलाशी संबंध तोडायला आला होता. तो एकटा आला. हातात एक छत्री होती. पिशवी नव्हती. पत्नीने पोहे पुढे ठेवले, त्याने दोन घास घेतले, मुलाच्या खोलीवर जाऊन आला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. इंडिया गेट तरी पाहा, असे मी म्हणालो. नको म्हणाला. संबंध तोडायला येणारा माणूस असा येतो. तो साक्षीदार आणत नाही, आणि खायला काही आणत नाही.

"जेवणाचे काय ठरले आहे?" मी विचारले.

"कसलं जेवण?"

"त्यांचे. दिल्लीत. बाहेर खाणार की बरोबर आणणार?"

"काका, मी काय बोलतोय आणि तुम्ही काय विचारताय!"

"विमान कंपनीला नंतर फोन कर. आधी आईला विचार."

तो चिडला होता, पण मी वयाने मोठा होतो. त्याने पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळ नुकतीच उजाडलेली. आईने फोन घेतला. तो म्हणाला, "आई, काही नाही... जेवणाचं काय करताय तुम्ही दिल्लीत?" आणि मग त्याला बोलायची संधी मिळाली नाही. पलीकडून आवाज येत राहिला. तो "हं," "हं," "अगं एवढं कशाला," असे म्हणत होता. शेवटी फोन ठेवून आमच्याकडे वळला.

"तिखटमिठाच्या पुऱ्या. दशम्या. शेंगदाण्याची चटणी, लसणाची वेगळी. गुळाच्या पोळ्या मामी करणार. आत्याकडे चिवडा. मामा म्हणे स्टीलचे मोठे डबे घेऊन आलाय, कुणाकडून तरी मागून. आई म्हणते, इंडिया गेटच्या हिरवळीवर बसून खाऊ. आय मीन, व्हॉट इज धिस? पिकनिक?"

"जा," मी म्हणालो.

"काय?"

"तिकिटे राहू दे. जा."

"काका, पण मामा—"

"निकाल द्यायला येणारा माणूस दुसऱ्याकडून डबे मागून आणत नाही. तुझ्या वडिलांना तिला लपवायचे असते, तर ते दोघेच आले असते. चार नातेवाईक गोळा करून कोणी माणूस लपवायला नेत नाही."

"मग तसं सरळ सांगायला काय होतं?"

"तू लग्नाचे आधी सांगितले होतेस का?"

पत्नीने माझ्याकडे पाहून भुवया चढवल्या. याचा अर्थ एवढे पुरे. मी थांबलो. त्याने बायकोला इंग्रजीत सगळे समजावले. डब्यांचा मुद्दा तिला त्याच्यापेक्षा लवकर पटला. तिने विचारले, "मी काय करून नेऊ?" पत्नीने तिला दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू शिकवले. ते सगळे एका आकाराचे झाले नाहीत.

मला टिपण पुन्हा लिहावे लागले. चार माणसांची दिल्ली आठ माणसांना चालत नाही. टॅक्सीऐवजी लहान बस सांगितली. मामांना खिडकीजवळ बसवावे, असे लिहिले. लाल किल्ल्यात दोन वक्ते होतील, तरी वडिलांना आधी बोलू द्यावे, असेही लिहिले. नवी प्रत त्याने आपल्या ऑफिसातून पुण्याला फॅक्स केली. ती पुण्यात कोणाकोणाच्या हातून फिरली असेल, याचा मी विचार केला नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला दोघे परत आले आणि पहिल्याच शनिवारी जेवायला हजर झाले. मुलगी नेहमीसारखी पत्नीच्या मागे स्वयंपाकघरात गेली. त्याने माझ्या हातात माझेच टिपण ठेवले. त्यावर तेलाचे डाग होते आणि समासात पेन्सिलने बारीक अक्षरात मजकूर होता.

"बाबांनी करेक्शन्स केल्यात."

"कसल्या?"

"म्हणाले, गृहस्थांना दिल्लीची माहिती आहे, पण इतिहास कच्चा आहे."

मी चष्मा लावला. कुतुबाच्या बांधकामाविषयी दोन आक्षेप होते. चांदीच्या छतावर तर अख्खा समास खर्च केला होता. मी वाचत होतो आणि तो बोलत होता, त्यामुळे त्याचे पहिले बोलणे माझ्या अर्धवटच कानी पडले.

पहिला दिवस उत्तम गेला, असे तो सांगत होता. सगळे अगदी आदराने वागले. आई तिला अहोजाहो करत होती. मामांनी तिच्यासाठी मुद्दाम बाटलीचे पाणी आणले. बसमध्ये पुढची जागा दिली. एका देवळात गेले तेव्हा मामी चपलांपाशी थांबली आणि सगळे या दोघांना म्हणाले, तुम्ही जा, तुम्ही नीट पाहून या. इंडिया गेटवर तिच्या पुढ्यात पहिली पुरी वाढली. "मी म्हटलं, वॉव. काका बरोबर होते."

"मग?"

"मग सगळं बिघडलं." त्याने दोन्ही हात सोडले. "तिसऱ्या दिवसापर्यंत काय झालं कुणास ठाऊक. आत्या तिला बसमध्ये म्हणते, जरा सरक. मामाने तिच्या हातचा लाडू खाऊन सांगितलं, बेसन कच्चं राहिलं. आणि राजघाटला तर हद्द झाली. आई सरळ तिच्या खांद्याला धरून म्हणते, तू बस गं इथे चपलांपाशी. आणि सगळे आत! सगळे! सात माणसांच्या चपला आणि ती एकटी. काका, सात समुद्र पार करून आलेली मुलगी, तिला राजघाट दाखवला नाही, चपला राखायला बसवलं. मी थांबतो म्हणालो, तर बाबा म्हणतात, चल तू. मी तिथे काही बोललो नाही. पण मला इतकं लागलंय ना."

मी टिपण खाली ठेवले.

"डब्यांची पिशवी कोठे होती?"

"अं? तिच्याकडेच. सगळंच तिच्याकडे टाकलं होतं. पिशवी, मामाचा कॅमेरा, आईची पर्स."

"आईची पर्सही?"

"हो! परतीची तिकिटं होती त्यात. सगळं सामान हमालासारखं—"

"पहिल्या दिवशी पर्स कोणाकडे होती?"

त्याने आठवून पाहिले. "आईच्या काखेत. दिवसभर."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. पत्नी दारात येऊन उभी राहिली होती.

"अरे गाढवा," ती म्हणाली.

"काकू, तुम्ही पण?"

मी त्याला सांगितले, की दिल्लीत मी तीस वर्षे पाहुणे हिंडवले आणि एकाही पाहुण्याला चपलांपाशी बसवले नाही. पाहुणा आत जातो. घरचे माणूस बाहेर राहते. पहिल्या दिवशी तुम्ही दोघे पाहुणे होता, म्हणून मामी बाहेर राहिली. सात जणांनी दाराशी माणूस असताना त्याच्याकडे चपला दिल्या नाहीत, त्या तिच्याकडे दिल्या. तिकिटेही दिली. लाडू कच्चा आहे, हे परक्याला कोणी सांगत नाही. परक्याचा लाडू छान असतो.

त्याने बायकोला हाक मारली आणि इंग्रजीत विचारले, की राजघाटला तिला वाईट वाटले होते का.

"नाही," ती म्हणाली. तिला प्रश्नाचे नवल वाटलेले दिसले. "मी सगळ्या जोड्या ओळीने लावल्या. बाहेर आल्यावर तुझ्या आईने ते पाहिलं आणि मामांना काहीतरी सांगितलं. मामांच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता, ती मी वेगळी ठेवली होती." मग ती म्हणाली, "मला पहिल्या दिवशी वाईट वाटलं होतं. कोणीच मला काही करू देत नव्हतं."

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तू खूप खूश होतास."

पत्नी हसली आणि तिला घेऊन आत गेली. तो मात्र अजून मनाशी काही जुळवत होता.

"काका, मग निघताना तरी बोलायचं ना. एअरपोर्टवर मी वाट बघत होतो. काहीतरी म्हणतील, पुण्याला या म्हणतील. आई शेवटपर्यंत हवाच सांगत बसली. म्हणे, दिल्लीची थंडी बोचते, पुण्यात डिसेंबरात कशी छान गुलाबी असते. पुढच्या वर्षी रग वगैरे काढून ठेवायला हवेत. असलं काहीतरी."

"आणि वडील?"

"बाबा म्हणाले, वरच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, ती दुरुस्त करून घेतो."

"वरच्या खोलीत कोण राहते?"

"कोणी नाही. ती माझी..."

मी वाट पाहिली नाही. चष्मा पुन्हा लावला आणि टिपण उचलले.

"सरळ का नाही सांगत हे लोक?" तो म्हणाला. या वेळी आवाज वेगळा होता.

"ते दिल्ली पाहायला आले होते," मी म्हणालो. "आता मला हे वाचू दे."

त्याच आठवड्यात मी त्याच्या वडिलांना उत्तर लिहिले. कुतुबाविषयीचे त्यांचे दोन्ही आक्षेप खोडून काढले. छताविषयी त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्या मुद्द्याचा मी उल्लेख केला नाही. शेवटी एवढे लिहिले, की पुढील डिसेंबरात आपल्याकडे पाहुणे नव्हे, घरचीच माणसे येणार असल्याचे कळले, तरी खिडकी वेळेवर दुरुस्त करून घ्यावी.